बाकावरचा फेरफटका

५ नोव्हेंबर

आज पुन्हा खोटं बोलले. बूट घातले, "फिरून येते" म्हणाले, बागेत गेले आणि बाकावर बसले. अर्धा तास! घरी येऊन दमल्यासारखं करत चेहरा धुतला. सासूबाईंनी विचारलं, "झालं का फिरून?" "झालं की!" — इतकं सहज निघालं तोंडातून, की माझंच मला नवल वाटलं.

६ नोव्हेंबर

आजही बाक.

९ नोव्हेंबर

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातला भुंगा थांबेल.

डॉक्टरबाईंनी मागच्या महिन्यात सांगितलं, साखर वाढली आहे. गरोदरपणात काहींची वाढते. रोज जेवणानंतर चाला, बरीचशी आटोक्यात येईल. मग हसून म्हणाल्या, "तुम्हाला काय, टपाल वाटणाऱ्या बाईला चालायला शिकवायचं का?" मी नाही हसले.

मागच्या वेळी चालतच होते. चौथा महिना होता. खांद्यावर थैली. टपाल वाटायच्या माझ्या बीटवर सगळे मला वादळ म्हणायचे. पिवळ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका पाकिटाची सही घ्यायची होती. जिना चढले, दार बंद होतं, आणि उतरताना कळलं की काहीतरी बिघडलंय. पायरीवरच बसले. एका अनोळखी बाईने पाणी आणून दिलं. पुढचं लिहवत नाही.

"चालण्याने काहीही झालेलं नाही, तो गर्भ टिकणाराच नव्हता," असं डॉक्टरबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. ऐकलं. पटलं नाही. त्या जिन्यावर त्या नव्हत्या, मी होते.

या वेळी मी स्वतःच पोस्टमास्तरांकडून काउंटर मागून घेतलं. ऑफिसात बसायचं, घरी पडायचं, बागेत बसायचं. मी हलले नाही तर बाळ राहील. झालं!

१० नोव्हेंबर

माझ्या आईचा फोन. "पडून राहा गं, पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू नकोस." तिला निदान खरं सांगता येतं.

नवरा मालगाडीवर असतो, चार-चार दिवस घरी नाही. त्याचाही फोन आला. "आज कुठपर्यंत गेलीस?" "पुलापर्यंत." "शाब्बास!"

१८ नोव्हेंबर

तपासणी. साखर उतरली नाही, उलट चढली. बाळाचं वजनही हवं त्यापेक्षा जास्त भरतंय.

"रोज चालता ना?"

"रोज."

"चालूनही हे असं असेल तर इन्सुलिन सुरू करावं लागेल. आठवडाभर बघू. बाळ फार मोठं झालं तर बाळंतपण अवघड जातं, आणि जन्मल्यावर त्याचीच साखर एकदम खाली येऊ शकते."

म्हणजे माझ्या थापेवर आता औषधाचं माप ठरणार! सांगायला तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्या शाळेत शिपाई होत्या. पोटात दुखतंय म्हणून घरी पळू बघणारी पोरं त्यांनी नुसत्या चालीवरून ओळखली आहेत. त्यांचं हे गप्प बसणं मला मुळीच आवडलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

पकडले गेले!

बाकावर बसले होते. बघते तर सासूबाई समोर. हातात काठी. गेल्या वर्षी मोरीत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हाची काठी. आता बागेत सगळ्यांसमोर माझी शोभा होणार!

त्या बसल्या. बाकाच्या रंगाचे पोपडे नखाने काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, या घरात मी एकटीच सोंगाडी आहे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, मलाही चालायला सांगितलंय. घरात फिरते ते तू बघतेसच. पण रस्त्यावर पाय टाकला की वाटतं, आता पडणार. डॉक्टरांना मात्र ठोकून देते, रोज चालते म्हणून."

"मग आता इथपर्यंत कशा आलात, आई?"

"भिंती धरत धरत! परत कशी जाऊ तेच कळत नाहीये." मग म्हणाल्या, "तू का बसतेस ते मी विचारत नाही. पण मला त्या दिव्याच्या खांबापर्यंत नेशील? पडले तर धरायला कुणीतरी पाहिजे."

ज्या बाईला अख्खी शाळा वचकून होती, मुख्याध्यापकांसकट, ती बाई मला म्हणतेय, मला धर! नाही कसं म्हणणार? निघालो. जीव मुठीत धरून, दोघीही. खांबाला हात लावला आणि परत आलो.

आता पोटावर हात ठेवून पडले आहे. मघाशी एक लाथ आली. एकच, पण आली.

२० नोव्हेंबर

आठला जाग आली. दूध आलेलं, तापवलेलं. मी मेली नुसती लोळते! संध्याकाळी खांब, आणि पुढे पाण्याच्या टाकीपर्यंत.

२३ नोव्हेंबर

काय घट्ट धरतात सासूबाई! मनगटावर बोटं उमटली. "अगं हळू, खड्डा!" "आई, तो खड्डा नाही, सावली आहे." चारदा थांबलो. त्या इतक्या घाबरतात की दोघींचं भान मलाच ठेवावं लागतं, मग स्वतः भ्यायला वेळच उरत नाही. घरी आल्यावर आठवलं, की आज मी घाबरले नव्हते. आणि आठवल्याबरोबर घाबरले.

२६ नोव्हेंबर

साखर उतरली! फार नाही, पण उतरली. मग मात्र मला राहवेना. "डॉक्टर, मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. मी बसून होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बरसणार. "आणि आता?"

"आता सासूबाईंना फिरवते. त्या एकट्या बाहेर पडत नाहीत."

डॉक्टरबाईंनी दाराबाहेर बसलेल्या सासूबाईंकडे एकदा पाहिलं. "बरं. त्यांना फिरवणं सोडू नका," एवढंच म्हणाल्या. इन्सुलिन तूर्त टळलं.

११ डिसेंबर

आज वाईट दिवस. पुलाच्या अलीकडे पोट एकदम दगडासारखं घट्ट झालं. फुटपाथच्या कडेलाच बसले. तोच जिना, तीच पायरी! मी ओरडले, "गेलं! आई, हेही गेलं!"

त्या शेजारी टेकल्या. माझा हात हातात घेतला. "रिक्षा थांबवते. आधी श्वास घे. घे म्हणते ना!"

घेतला. हळूहळू पोट सैल पडलं. मग आतून बाळ असं काही फिरलं, की सासूबाईंच्या हातालाही कळलं. मी ढसाढसा रडले. इतके दिवस मनात होतं ते तिथे, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तोंडातून निघून गेलं — "मागचं माझ्यामुळे गेलं. मी जिना चढायला नको होता."

सासूबाई म्हणाल्या, "ते तुझ्यामुळे गेलं नाही. आणि हे राहिलं, तर तेही नुसतं तुझ्यामुळे राहणार नाही. एवढं सगळं एकटीच्या अंगावर घेऊ नको गं."

दवाखान्यात दाखवून आलो. सगळं ठीक आहे. अशा कळा येऊन जातात म्हणे. उद्या जायचं का, हे त्यांनी विचारलं नाही.

१२ डिसेंबर

गेलो. फक्त खांबापर्यंत.

२ जानेवारी

पिवळ्या इमारतीवरून गेलो. वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. जिना चढले नाही. पण रस्ताही बदलला नाही.

२१ जानेवारी

फोनवर नवऱ्याला ऐट दाखवली. "तुझ्या आईला मी चालतं केलं, माहितीये? आता पुलापर्यंत येतात!"

"कुणाला चालतं केलंस?"

"अरे, तुझ्या आईला!" तेवढ्यात त्याची गाडी बोगद्यात शिरली. या माणसाला घरातलं काही म्हणून ठाऊक नसतं!

४ फेब्रुवारी

मुलगी. वजन बेताचं, साखर बेताची. आवाज मात्र बेताचा नाही! "शाळेच्या घंटेला भारी आहे," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. हिला कळावं, की हिच्या आधी एक होतं. मी सांगेन तिला.

८ मार्च

डॉक्टरबाईंनी बाहेर फिरायची परवानगी दिली. सासूबाई खूश. "बरं झालं बाई! तू घरात होतीस तर महिनाभर मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही. पार आखडले बघ." उद्या संध्याकाळी निघायचं. पुन्हा खांबापासून सुरुवात, म्हणाल्या.

९ मार्च

पहाटे पोरीला पाजून खिडकीशी उभी राहिले. पुलाकडून एक बाई येत होती. एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसरा हात मोकळा, झपाझप चाल. कोपऱ्यावरचा पेपरवाला ओरडला, "काय आजी, आज एकच फेरी? काठी सोडल्याला वर्ष होत आलं, दुसरी फेरी कधी चुकली नाही!"

"घरी नात आहे रे, घाई आहे!"

दूध दारात येतं, असं मी समजत होते.

कडी वाजली. मी पटकन आडवी झाले, डोळे मिटले. त्या पाय न वाजवता आत आल्या, आणि दारामागची काठी काढून स्वतःच्या पलंगाशेजारी ठेवल्याचं मला ऐकू आलं. संध्याकाळी मी त्यांचा हात धरणार आहे. पडतील म्हणून!