तो पास कुणी सांगितला

शनिवार, १८ ऑक्टोबर

हरलो. जिंकलेली मॅच हरलो!

आपलं कॉलेज दोन गुणांनी पुढे होतं. घड्याळात दीडेक मिनिट, चेंडू आपल्याकडे, समोरच्यांचे घड्याळ थांबवायचे टाइमआउट संपलेले. तिसरा प्रयत्न, चेंडू आपल्याकडेच ठेवायला सात यार्ड हवे होते. फुटबॉलमध्ये अशा वेळी काय करायचं? चेंडू पोटाशी धरून पळायचं, आडवं पडायचं, घड्याळ चालू राहतं. मग लांब लाथ मारून चेंडू त्यांच्या टोकाला घालवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. शेंबड्या पोराला कळतं. आणि आपण काय केलं — पास! फेकायचं काम आपल्या केंडलचं, त्याने फेकला. त्यांच्या पोराने मधल्यामध्ये झेलला आणि पळत सुटला तो थेट आपल्या गोलरेषेपार.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "त्या रॉयसला काचेच्या खोलीतून खाली फेका रे!" रॉयसची बायको, म्हणजे मी, पुढेच बसलीये हे त्याला चांगलं ठाऊक होतं. केस माझ्याच पार्लरमध्ये कापतो मेला.

कुठली खेळी खेळायची ते वरच्या काचेच्या खोलीतून रॉयस सांगतो, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत. पण खाली मैदानाकडेला हॉलिस उभा असतो. मुख्य कोच तो. हेडफोनमध्ये रॉयसचं ऐकतो, नाही पटलं तर बदलतो. ते मात्र कुणी लक्षात घेत नाही.

रॉयस आला, जेवला नाही. मीही विचारलं नाही. हरल्याच्या दिवशी विचारायचं नाही, असं आमच्यात आहे.

रविवार, १९

चर्चला निघायला दार उघडलं तर अंगणभर 'घर विकणे आहे'च्या पाट्या. आपल्या गावची रीतच ती — हरलात की कोचच्या हिरवळीत पाट्या रोवायच्या. मागे हॉलिसच्या दारात रोवल्या होत्या, तेव्हा मी आणि त्याच्या बायकोने, वर्नाने, मिळून उपटल्या होत्या. हसून हसून पोट दुखलं होतं आमचं. आज मी एकटीच उपटत बसले. वर्ना फिरकली नाही. ही माझी जिवाभावाची मैत्रीण! हॉलिसने रॉयसला या गावात आणलं आणि त्याच्या बायकोने मला. नाहीतर अलाबामात माझं कोण होतं?

दुपारी रॉयसने तोंड उघडलं. बिस्किटं कुस्करत होता नुसता.

"मी पळायचंच सांगितलं होतं, नेल्डा. अशा वेळी पास म्हणजे वेडेपणा. हॉलिसने खालून बदललं."

मी म्हटलं, मग सांग ना गावाला!

"हेडफोनमधलं बाहेर काढायचं नसतं. आमच्या धंद्यात बाहेर काढणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. तूही कुठे बोलू नकोस. शपथ घे."

घेतली. पण आतून नुसती जळतेय. चोर सोडून संन्याशाला फाशी!

सोमवार, २०

गावातल्या फुटबॉल-शौकिनांच्या क्लबच्या जेवणाला मुद्दाम गेले. दर सोमवारी हॉलिस तिथे उभा राहून शनिवारच्या मॅचचे जाब देतो आणि गाव तळलेला मासा खात त्याला सोलतं. बायका फारशा जात नाहीत. मी गेले, शेवटच्या टेबलावर बसले.

केवढी जुंपली होती. फार्मसीवाला म्हातारा म्हणाला, "मी सांगतो, पास बरोबरच होता. सात यार्ड मिळाले असते तर मॅच तिथेच खलास. पळून तीन मिळाले असते, मग चेंडू द्यावाच लागला असता त्यांना."

"द्यायचा की! पाऊण मिनिटात ऐंशी यार्ड काय तुझा बाप गाठणार होता?"

"गेल्या वर्षी गाठले नव्हते?"

"गेल्या वर्षी टाइमआउट होते शिल्लक!"

मग एकाने सरळ विचारलं, पास कुणी सांगितला? मी हॉलिसकडे बघत होते. त्याने मला पाहिलं होतं. म्हणाला, "संघ माझा. झालं त्याची जबाबदारी माझी. कुणी काय सांगितलं ते मला विचारू नका."

आणि टाळ्या! वा रे कोच, काय मोठं मन! अरे, नाव न घेता नाव घेतलंस की. 'मी बदललं' एवढे दोन शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती? इतक्या वर्षांची सोबत, एका ताटात जेवलेलो, आणि केसाने गळा कापला आमचा. तशीच उठले. माशाला हातही लावला नाही.

मंगळवार, २१

इमोजीनबाई आल्या होत्या. दर मंगळवारी दहाला, रोलर लावून सेट. त्यांचा नवरा कार्लाइल म्हणजे देणगीदारांचा म्होरक्या. स्टेडियमच्या निम्म्या खुर्च्या त्याच्या. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कॉलेज आधी त्याला विचारतं.

"अगं नेल्डा, असा कसा गं तुझ्या नवऱ्याने पास सांगितला? कार्लाइल म्हणतो, या माणसाला डोकं आहे की भोपळा."

भोपळा म्हणाल्या. माझ्या हातात त्यांचेच केस. मी रोलर खाली ठेवला आणि म्हटलं, "बाई, डोकं कुणाचं भोपळा आहे ते एकदा हॉलिसला विचारा." मग काय, एक शब्द निघाला की मागचे लागतात लाइनीत. सगळं सांगितलं. रॉयस पळा म्हणाला, हॉलिसने बदललं, आणि आता मोठेपणाचा आव आणतोय.

त्या आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. "शपथ?"

"शपथ."

एक शपथ मोडून दुसरी खाल्ली. पण खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. दिवसभर हात हलके चालले.

बुधवार, २२

वर्नाचा फोन. उचलला नाही.

गुरुवार, २३

हॉलिसला काढलं!

कार्लाइल म्हणे सरळ बोलला, "सामना हरणारा चालेल, स्वतःची चूक हाताखालच्याच्या माथी मारणारा नको." हंगाम संपेपर्यंत रॉयस मुख्य कोच. हॉलिस चाव्या देऊन गेला.

मला धडकी भरली होती, रॉयस विचारणार, कुणी फोडलं. मी सबब तयार ठेवली होती. त्याने विचारलंच नाही. गालाचा मुका घेतला, म्हणाला, "तू माझी पाठराखीण आहेस." मी रडले. कढईत पिकॅनचे दाणे भाजत ठेवले होते ते करपले.

शुक्रवार, २४

वर्ना पार्लरमध्ये आली. ड्रायरखाली दोघी बसलेल्या, एकीचा रंग चालू. सगळ्यांदेखत.

"एकदा तरी हॉलिसला विचारायचंस, नेल्डा. माझ्या स्वयंपाकघरात येऊन, तोंडावर."

मी म्हटलं, "त्याने सोमवारी तोंडावर सांगितलं असतं तर विचारायची वेळच आली नसती."

"सोमवारी तो तुझ्याकडे बघूनच गप्प बसला. मला घरी म्हणाला, नेल्डा समोर बसली होती गं, तिच्या देखत कसं बोलू? मलाही बोलू दिलं नाही. आता बोलते. पास रॉयसचा होता."

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

ती भांडली नाही. "तुझा नवरा सांगतो ते तू खरं मानतेस, माझा सांगतो ते मी. दोघांतला एक खोटं बोलतोय. आणि पाट्या आता माझ्या अंगणात आहेत." एवढं बोलून गेली. तिच्या केसांची मुळं पांढरी दिसत होती. इतक्या वर्षांत तिने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता केसांना.

ड्रायरखालच्या दोघी मग मला म्हणाल्या, चांगलं सुनावलंस. मी रंग जास्त वेळ ठेवला. केशरी झाला.

शनिवार, २५

जिंकलो.

तीन गुणांनी पुढे. दीड-दोन मिनिटं उरलेली, समोरच्यांचे टाइमआउट संपलेले, तिसरा प्रयत्न, आठ यार्ड हवेत. देवाने जणू परत तोच पेपर काढला. सगळं स्टेडियम ओरडत होतं, पळा, पळा! रॉयस आता खाली मैदानाकडेला. खेळीही तोच सांगणार. त्याचं बदलणारं वर कुणी नाही.

पास.

केंडलने फेकला, आपल्याच पोराने झेलला, मॅच तिथेच संपली. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मागच्या रांगेतला तो मेला माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "याला म्हणतात धाडस! हॉलिसने याला मोकळा सोडलाच नाही बघ कधी." इमोजीनबाईंनी दोन रांगा ओलांडून येऊन मला मिठी मारली.

त्यांच्या खांद्यावरून मी खाली रॉयसकडे बघत होते. 'अशा वेळी पास म्हणजे वेडेपणा.' हे त्याचेच शब्द ना? की मी चुकीचं ऐकलं? नाही. बिस्किट कुस्करत म्हणाला होता. कदाचित आज मुद्दाम केलं असेल, समोरच्यांना फसवायला. असंही असतं. असेल तसंच.

रविवार, २६

चर्चहून येताना गाडीत विचारलं. हरलो तेव्हाचा पास कुणी सांगितला?

"मीच. हॉलिस पळा म्हणत होता. मी हट्ट धरला, तो म्हणाला बरं, तुझ्या मनासारखं." रस्त्याकडे बघतच बोलला.

हेडफोनवर बाकीचे कोच होते, ते का बोलले नाहीत?

"त्यांना नोकऱ्या नकोत?"

मग मला का खोटं सांगितलंस? शपथ कशाला घातलीस?

हसला. "मी सांगून कुणी ऐकलं असतं का, नेल्डा? आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे काय मला ठाऊक नाही?"

वर्नाला मी चारचौघांत चोर म्हटलं. कुणासाठी म्हटलं! तिच्या दारात जायचं तोंडच राहिलं नाही मला.

परवा मंगळवार. दहाला इमोजीनबाई येतील.