फ्रिस्कोला येण्याआधी

प्रिय बाबा,

मलावीतल्या ख्रिस्ती बालगृहात व्हॉलंटियर म्हणून गेले, तिथे घसरून पडले आणि दात तुटला, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं.

तिथला व्यवस्थापक ग्रेस नावाच्या मुलीला रबरी पाइपने मारत होता. एवढीशी पोर, अंथरूण ओलं केलं म्हणून. बाकीची मुलं भिंतीला चिकटून गप्प उभी होती. मी ओरडले, तर म्हणाला, "सिस्टर, तू पाहुणी आहेस. याला शिस्त म्हणतात."

पुढचा फटका तिच्या कानावर बसला आणि रक्त आलं. मी पाइप धरला, तसा त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. मग हाताला लागलेलं जाड पातेलं मी त्याच्या डोक्यात घातलं. तो कोसळेपर्यंत घालत राहिले.

पोलिसांनी दोघांनाही नेलं. मुलांनी शर्ट वर करून पाठीवरचे वळ दाखवले, तेव्हा मला सोडलं.

बाबा, मारताना मला तुमचा चेहरा दिसत होता. सिद्धेशदादाला तुम्ही पट्ट्याने फोडायचात, तेव्हा आई आणि मी अशाच गप्प उभ्या असायचो.

आता तुम्ही इथे अमेरिकेत, फ्रिस्कोला दादाकडे राहायला येताय. त्याचा अवधूत सहा वर्षांचा आहे आणि फार हट्टी आहे. दादा म्हणतो, "जाऊ दे ना यार, जुनं काढू नकोस." म्हणून हे पत्र पाठवत नाही. पण अवधूतवर हात उगारलात, तर मध्ये मी असेन.

तुमचीच,
यामिनी