धाकट्याचे उघडे डोळे

१२ जून
चि. खुडबुडीस, मोठ्या काकाचे अ. आ.
उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. पाकीट केव्हाच मिळालं, पण आतला फोटो पाहिला आणि परत पाकिटातच घालून ठेवला. माझा धाकटा भाऊ, तुझा बाप, तू रांगत असताना गेला. आणि फोटोत तो सत्तरीचा होऊन माझ्याच खिडकीपाशी बसलाय! कॉम्प्युटरवर जुळवून केलाय, प्रदर्शनात लावू का, असं तू विचारतेस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सुरकुत्या माझ्या, हातही माझेच. अंगठ्याच्या चिरलेल्या नखावरून ओळखले.
पण डोळे कुणाचे? फोटो काढताना तो नेमके डोळे मिटायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरदेव झोपलेला! फोटोवाला वैतागून म्हणाला होता, आधी याला उठवा, मग लग्न लावा. मी ट्रंक, कपाट, सगळं पालथं घातलं. उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नाही. कुणा परक्याचे असतील तर लावू नकोस बाई. जिवाला घोर लागलाय.
तुझा काका

१८ जून
ति. मोठ्या काकांना सा. न. वि. वि.
चोरी पकडलीत. डोळे माझेच आहेत. मिटल्या पापण्यांखाली काय घालावं सुचेना, म्हणून स्वतःचे घातले आणि थोडे थकवले. आईला फोटो दाखवला, तर ती फोटो सोडून माझ्याकडेच बघत राहिली. बाबा मला आठवत नाहीत, त्यामुळे हे तेच आहेत का, हे तुम्हीच सांगा. नसतील तर फोटो भिंतीवर लागणार नाही. फ्रेमवाला शनिवारी येतोय. चष्मा पुसा आणि लगेच लिहा.
तुमची खुडबुडी

२१ जून
चि. खुडबुडीस, अ. आ.
फोटो खिडकीत टेकवून जवळून पाहिला, लांबून पाहिला. शेजाऱ्यांची काच फोडून आला की धाकटा अगदी असाच बघायचा, जसं काही झालंच नाही. आणि तू माझं घड्याळ खोलून ठेवलंस, तेव्हा तूही अशीच बघत होतीस. तेव्हा मी रागावलो, नीट पाहिलंच नाही. हे परक्याचे डोळे नाहीत. मिटू नकोस. फोटोत त्याचे डोळे उघडे बघायला मला म्हातारं व्हावं लागलं.
फक्त एक कर. त्याचे केस माझ्याहून पांढरे झालेत. धाकटा आहे तो! थोडे काळे ठेव, नाहीतर मला दादा कसा म्हणेल?
भिंतीवर लागला की तेवढं कळव. उशीर करू नकोस, पोस्टमन दिसला की मी उगाच दारात जाऊन उभा राहतो.
तुझा मोठा काका