डावीकडे झुकलेली किनार

धुळे, मंगळवार संध्याकाळ, १९८९

अक्कांचं क्रोशाचं ब्लँकेट आज शेवटी हातात घेतलं. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, दिवाळीआधी गेल्या. उठावाच्या खांबांचा, म्हणजे उंच उभ्या टाक्यांचा, मधला भाग त्यांनी विणून ठेवलेला, शिंपल्यांच्या नक्षीची किनार मात्र अर्धीच. गेलेल्या माणसाचं विणकाम अर्धं ठेवू नये म्हणे. सासूबाईंनी सुईसकट मांडीवर आणून टाकलं.

अक्का डावखुऱ्या. त्यांचे शिंपले डावीकडे झुकतात, माझे उजवीकडे. जोड उठून दिसणार, याचीच दुपारभर चिडचिड. दिसू दे, कोण बघतंय?

दिवेलागणीला किनार पुरी झाली आणि मी जोड शोधायला लागले. सापडेना. सगळे शिंपले डावीकडे झुकलेले. मग मी विणले ते कुठले? उसवून बघावं का? धीर होईना.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"माय वं! तू डावखोरी कवय व्हयनी?"

मी आणि डावखुरी कधी झाले? खाली पाहिलं. क्रोशाची सुई डाव्या हातात होती.

ती कपाटात टाकून कुलूप लावलंय. हे लिहितेय उजव्या हातानं. डावा मांडीवर ठेवलाय, आणि त्याची बोटं अजून विणताहेत.