खिडकीजवळची जागा

ताई,

आपला सिगारचा कारखाना बंद होतोय. आठवण राहावी म्हणून सुट्टीच्या दिवशी फोटोवाला आला होता, तेव्हा मी एकटीच होते. त्याला उजेड नेमका तुझ्या खिडकीजवळच्या जागेवर सापडला. तू मेल्यापासून तिथं मी कुणाला बसू दिलं नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच बसा." बसले. सिगार वळली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

काल फोटो भिंतीवर लागला. त्यात नुसते हात आलेत. मुकादम म्हणाला, "हा जुना फोटो दिसतोय. हे थोरलीचे हात. अंगठा असा मुडपून दुसरं कोण वळायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तूच शिकवलंस, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, "तिचेच आहेत. चला, कामाला लागा."

तुझी,
धाकटी