उत्तर न देण्याची पद्धत

गुरु. ६ नोव्हेंबर
ब्रिजेटबरोबर पुन्हा बायकांच्या जेलमध्ये, प्रार्थनेला. गेटवर फोन, किल्ल्या, ओढणीची सेफ्टी पिनसुद्धा काढून घेतली. चॅपलमध्ये गोल मांडलेल्या खुर्च्या. क्वेकरांची, म्हणजे ब्रिजेटच्या ख्रिस्ती पंथाची, पद्धत नेहमीची: तासभर गप्प बसायचं. कुणाला आतून काही सुचलं तर तिनं बोलावं. त्यावर उत्तर द्यायचं नाही, शब्द शांततेत तसेच राहू द्यायचे. शेवटी ब्रिजेटनं शेजारणीचा हात हातात घेतला की संपलं.
आज नवी मुलगी. रूपाली, नाशिकची. केस अजून उभी राहायचीय. आठवा महिना. माझं नाव ऐकून म्हणाली, "ताई, मराठी?" आणि रडायलाच लागली.
मग: "रात्री कोठडीतली बेल दाबली तर कोणी येत नाही हो. दुखायला लागलं तर मी काय करू?"

शनि. ८
ब्रिजेट आमच्याकडे वॉटफर्डला, चहाला. बेलबद्दल तिनं जेलच्या गव्हर्नरला लिहिलंय. मागेही लिहिलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी तिच्या पंथातल्या बायका जेलमध्ये कपडे न्यायच्या, शिवण शिकवायच्या. मी म्हटलं, "मग आपण काय नेतो?"
"अवरसेल्व्ह्ज, डिअर. दुसरं काही त्या गेटमधून आत जातच नाही." ती हसली. मला हसू आलं नाही.
ती गेल्यावर अनिकेत: "त्या पोरीत फार गुंतू नकोस. उद्या दुसरीकडे हलवतील, बायकोसाहेबांना पत्ताही लागणार नाही."
म्हणूनच तर गुंतायचं.

गुरु. १३
घरी येताच लिहितेय.
शांतता भरात आली होती. रूपाली डोळे मिटूनच बोलली, मराठीत. "बाळ कालपासून हलत नाहीये."
सगळ्यांनी माना खाली घातल्या. ब्रिजेटनंही. पद्धतच ती. मराठी कळणारी मी एकटी, आणि क्षणभर मीही मान खाली घातली. अंगवळणी पडलंय.
मग उठले. "कालपासून? कुणाला सांगितलंस?"
"बेल दाबली ना ताई. दाबतच होते."
दारातल्या ऑफिसरला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न: "कुठल्या भाषेत बोलत होतात?" मग रेडिओवर कळवलं. नर्स येईल म्हणाला. रूपालीला नेलं. तिचा हात बर्फ. आम्हाला बाहेर काढलं.
ब्रिजेट गाडीत बसून राहिली, किल्ली हातात तशीच. "मला वाटलं, ती प्रार्थना करतेय. किती शांत दिसत होती गं."

शुक्र. १४
जेलला फोन. नातेवाईक आहात का? नाही. मग सांगता येणार नाही. हॉस्पिटलमध्ये नेलं का, एवढं तरी? तेही नाही.
दुपारी ईमेल. चौकशी होईपर्यंत माझा पास थांबवलाय. कारण: परक्या भाषेतलं संभाषण.
स्वयंपाक केला नाही. अनिकेतनं टोस्ट आणून दिला.

सोम. १७
ब्रिजेट एकटी आत जाऊन आली. रूपालीची कोठडी रिकामी. दारावरचं नाव काढलंय. शेजारच्या कोठडीतली बाई कुजबुजली: गुरुवारी तिला कोठडीतच परत आणलं, रात्री तिची बेल वाजत होती. मग थांबली.
ब्रिजेटनं विचारलं, नर्स आली होती का?
तिनं कुणाला येताना ऐकलं नाही.

मंगळ. १८
हे गेटबाहेरच्या व्हिजिटर्सच्या खोलीत लिहितेय. ब्रिजेट सकाळपासून इथे आहे. काउंटरवर एकदाच बोलली: "रूपाली कुठे आहे आणि बाळ कसं आहे, एवढं सांगा. तोवर मी बसते." मी शेजारची खुर्ची घेतली. मग ब्रिजेटच्या क्वेकर मीटिंगमधल्या आणखी दोघी आल्या, ओले कोट मांडीवर घेऊन बसल्या.
"लेडीज, तुम्हाला इथे थांबता येणार नाही," ऑफिसर.
कुणी उत्तर दिलं नाही.
पुन्हा म्हणाला, जरा चढ्या आवाजात. ब्रिजेटनं डोळे मिटले. माझ्या डाव्या हातावर तिची बोटं, पण हात अजून घट्ट धरलेला नाही. म्हणजे संपलेलं नाही.
आता त्यानं फोन उचललाय. रूपालीचं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. आमच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली.
पलीकडचं केव्हाचा नुसता ऐकतोय.