काळी आलेली फिल्म

गोंदिया
ता. १२ फेब्रुवारी १९५८

ती. सुशीलाबाईस,
धाकट्या गिरजाचा नमस्कार. धानाची चुरणी-मळणी आटोपली असेल. भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघी इथं बऱ्या आहोत, असं लिहायला बसले होते. पण तुझी प्रेमिला बरी नाही, बाई.

तुला ठाऊक आहे, दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत मी आया. लहान पोरं हलली की फोटो बिघडतो, म्हणून त्यांना यंत्रापुढं घट्ट धरायचं. पोळ्यानंतर तू प्रेमिलाला माझ्याकडं पाठवलंस, आणि पोरं तीच धरू लागली.

या कामावरच्या माणसाला छातीवर लावायला एक बिल्ला देतात. आत फिल्मचा तुकडा. यंत्राचे किरण माणसाला लागले की त्यालाही लागतात. दर पंधरा दिवसांनी ती फिल्म मुंबईला जाते, तिथं धुऊन बघतात. जितकी काळी, तितके किरण अंगाला लागले. बिल्ला माझ्या नावाचा, माझ्याच लुगड्यावर. आणि मी दाराबाहेर उभी. फिल्म दरवेळी साफ यायची. डॉक्टरसाहेब शाबासकी द्यायचे.

गेल्या महिन्यात त्यांनी प्रेमिलाला पोर धरताना पाहिलं. माझा बिल्ला काढायला लावून तिला दिला.

परवा मुंबईचं पत्र आलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. इतकी काळी फिल्म आपल्या दवाखान्यातून कधी गेली नव्हती म्हणाले. मग मला विचारलं, ही मुलगी केव्हापासून पोरं धरते?

मी म्हटलं, "बिल्ला दिला त्याच दिवसापासून."

तिचं रक्त तपासलं. तेही बिघडलेलं निघालं.

बाई, माझ्या बोटांची कातडी दोन वर्षांपासून फाटते, नखं काळी पडलीत. नर्स अनुसयाबाईनं सांगितलं होतं, हे यंत्रापायी आहे. मी भ्याले. आणि हलकं काम आहे म्हणून तुझ्या लेकीला पुढं केलं. एवढं होईल हे खरंच ठाऊक नव्हतं. काहीतरी होतं, हे ठाऊक होतं.

आज सकाळी साहेबांना खरं सांगितलं, पोळ्यापासून, पाच महिने झाले म्हणून. त्यांनी कागदावर आधीचं खोडून नवं लिहिलं. माझ्याकडं बघितलं नाही. मग प्रेमिलालाही सांगितलं. ती रडली नाही. एवढंच बोलली, "मावशी, तुले मालूम होतं?"

मी हो म्हटलं.

सोमवारी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेणार. बरी होईल का, ते कोणी सांगत नाही. रविवारच्या गाडीनं ये. मी स्टेशनावर उभी असेन. तू बोलली नाहीस तरी चालेल.

बहीण म्हणायचं की नाही ते तू ठरव,
गिरजा